चला वर, चिखलदऱ्याला: मे १९००

परतवाड्यात तुम्ही उतरता ते नेमकं भर दुपारी. मे महिन्यात शहाणा वऱ्हाडी माणूस या वेळी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. पण सव्वाशे वर्षं मागे यायचं तर वेळ निवडायची सोय नाही, मिळेल त्या वेळी उतरायचं. बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत आगगाडीचा लहानसा फाटा मिळाला. पुढे रूळ संपले. मूर्तिजापूरहून इकडे येणारी ती सगळ्यांची लाडकी शकुंतला गाडी अजून जन्मलेलीच नाही. म्हणून अमरावतीपासून टांगा. आता दातांत धूळ कचकचते आहे, सदरा पाठीवर भिजून वाळला आहे आणि पुन्हा भिजला आहे, आणि डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत सगळं लालच दिसतं आहे.

नाक आधी जागं होतं. घोड्यांची लीद, तापलेलं चामडं, भिस्त्याच्या ओल्या पखालीचा वास, आणि या सगळ्यावरून ताज्या कापलेल्या सागाचा तुरट दर्प. परतवाडा ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी आहे, आणि मेळघाटचं लाकूड इथेच उतरतं. शेजारी एलिचपूर. तुम्ही ज्याला अचलपूर म्हणता तेच. मधल्या बिच्छन नदीच्या पात्रात वाळूत खड्डे खणून बायका वाटी-वाटीने पाणी उपसताहेत. त्यांच्याकडे नीट बघा. घागर भरायला किती वेळ लागतो ते बघा. या उन्हाळ्याचं काही तरी बिनसलेलं आहे, हे तुम्हाला इथेच कळायला हवं.

गेल्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. पेठेतला मारवाडी दुकानदार त्याच्या संवतावरून याला छपन्याचा दुष्काळ म्हणतो. त्याच्या दुकानापुढे ज्वारीचा भाव विचारून लोक न बोलता पुढे जातात.

संध्याकाळी दमणी जोडली जाते. गाडीवान बैलांच्या पाठीवरून हात फिरवतो, तेव्हा त्याची बोटं एकेका बरगडीवर अडखळतात. कडबा मिळत नाही. जंगलातलं वाळकं गवत कापून आणून कसेबसे जगवलेले बैल आहेत हे. "बसा जी," तो म्हणतो. "पाय आत घ्या. घाटात थंडी वाजन, घोंगडं हाय ना?" घामाने निथळत असताना घोंगड्याचा प्रश्न तुम्हाला थट्टा वाटतो. थांबा थोडं.

वर जायच्या वाटा दोन. एक सरळ, चढाची. तिच्यावरून माणसं पायी, घोड्यावर किंवा डोलीत बसून जातात. दुसरी घटांगावरून मोठा वळसा घेत जाणारी गाडीवाट. तुमच्या वाट्याला वळसा आहे, म्हणजे रात्रभर कण्याची करकर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांची लय आणि चाकाखाली सागाची वाळलेली पानं. मे महिन्यात मेळघाटचा साग पूर्ण उघडा असतो. ती पानं परातीएवढी मोठी असतात आणि इतकी कडक की ससा पळाला तरी वाघ आल्यासारखा आवाज होतो. गाडीवान मधूनच हाळी देतो, मागचा बंडीवाला ओ देतो. त्या दोन आवाजांच्या मधली शांतता तुम्हाला आवडणार नाही. एका वळणावर बैल थबकतात, कान टवकारतात. काय आहे ते कुणी बोलत नाही, नाव घ्यायचं नसतं. गाडीवान फक्त टेंभा पेटवतो. राळेचा धूर घशात जातो, आणि बैल निघतात.

मध्यरात्र उलटते आणि हवा बदलते. आधी घामाचा गारवा जाणवतो, मग कानांना, मग गुडघ्यांना थंडी लागते. आता घ्या घोंगडं. तुम्ही साडेतीन हजार फुटांवर आला आहात.

पहाटे डोळे उघडतात तेव्हा खाली दरीत धुकं नाही, धूळ आहे. अख्खं वऱ्हाड त्या तांबूस धुळीखाली झोपलं आहे. वर मात्र गुलाब आहेत. खरोखरचे, बंगल्यांच्या कुंपणांवर चढवलेले. एका बागेत कॉफीची गडद, चकचकीत पानं. पठार केवढंसं, तर लांबी मैलभर आणि रुंदी त्याहून कमी. त्यावर साहेबांचे बंगले, डाकबंगला, एखादी कचेरी, लहानसा बाजार, तलाव. हे गाव बहुतेक ऋतूपुरतं आहे. मार्चअखेर शिपाई, खानसामे, आया, कारकून, धोबी, कोंबड्यांच्या पाट्या आणि पियानोसुद्धा वर येतो. पहिल्या पावसात सगळं खाली जातं. कॅप्टन रॉबिन्सन नावाचा कंटिंजंटचा अधिकारी १८२३ मध्ये इथे पोचला, आणि उन्हाने हैराण झालेल्या साहेबलोकांना थंड हवेची जागा सापडली, असं सांगतात. सापडली हा शब्द गवळ्यांना आणि इथल्या कोरकू आदिवासींना मात्र सांगू नका. ते इथे कधीचे गुरं चारत होते. आणि दीड मैलावरच्या गाविलगडाचे दरवाजे पंधराव्या शतकापासून याच पठाराकडे तोंड करून उभे आहेत.

बाजारात चक्कर मारा. बटाटे बघा, वरचे बटाटे खाली वऱ्हाडात नाव काढून आहेत. गवळ्याच्या कढईत दूध आटतंय, पण दूध पातळ आहे, म्हशींना चारा नाही. तरी खव्याचा वास सुटलाच आहे आणि त्याभोवती मुलं उभी आहेत. विकत घेणारी नव्हेत, नुसती उभी. खानसामा अंडी मोजून घेतो. त्याची मोजणी संपेपर्यंत ती मुलं त्याच्या हाताकडे बघत राहतात. हात उजवीकडे गेला की सगळ्या माना उजवीकडे.

आज रविवार आहे. घंटा वाजते.

चर्च लहान आहे. आत पाऊल टाकताच थंडावा लागतो आणि मेण, जुनं लाकूड, ओला चुना आणि बायकांच्या लव्हेंडरचा वास एकत्र येतो. तुम्ही मागच्या बाकावर बसा. पुढे कडक इस्त्रीचे कॉलर, पांढरे हातमोजे, मुलांच्या माना जबरदस्तीने सरळ ठेवलेल्या. बाहेर झाडाखाली साईस घोडे धरून आहेत आणि एक आया झोपलेल्या बाळाला थोपटत कुठलंसं तमिळ गाणं गुणगुणते आहे. आत हार्मोनियम एका पट्टीवर अडकतं. सगळे न हसता पुढचं कडवं घेतात.

मग पाद्रीबाबा पुस्तक उघडतात. या चर्चच्या प्रार्थनेच्या पुस्तकात पावसासाठी एक प्रार्थना छापलेली आहे आणि महागाई-दुष्काळासाठीही. शतकानुशतकं इंग्लंडातल्या शेतकऱ्यांनी ती म्हटली. आज ती मेळघाटात म्हटली जाते आहे, आणि माझा विश्वास आहे की म्हणणाऱ्यांपैकी कित्येकजण ती मनापासून म्हणत होते. डेप्युटी कमिशनरच्या हाताखालच्या माणसांनी त्या उन्हाळ्यात उन्हात वणवण करून अन्नछत्रं चालवली, काहींना पटकीने गाठलं. ते मला विसरायचं नाही. पण प्रार्थना संपली की व्हरांड्यात दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईची बातमी, लिंबाचं सरबत, संध्याकाळच्या टेनिसची ठरवाठरवी. इथून कोरकूंचं गाव अर्ध्या कोसावर आहे. चला.

पायवाट उतरते, आणि गारवा मागे राहतो. वीस-पंचवीस घरं, समोरासमोर दोन ओळींत, मधे रुंद अंगण-रस्ता. कोरकूंचं गाव असंच मांडलेलं असतं, दोरीने आखावं तसं. भिंती बांबूच्या, वरून माती-शेणाचा गिलावा. एरवी या रस्त्यात सकाळी कोंबड्या, कुत्री, शेळ्या, मुलं यांचा एवढा गलका असतो की बोलणं ऐकू येत नाही. आता तुमच्या पायांचा आवाज तुम्हालाच ऐकू येतो. कोंबड्या विकल्या. शेळ्या विकल्या. कुत्री खाली निघून गेली. कोदो-कुटकीच्या कणग्या रिकाम्या आहेत; एकीच्या तळाशी हात घालून बघितलात तर बोटांना फक्त भुसा लागतो.

एका घरापुढे चुलीवर मडकं चढलेलं आहे. आत रानातले कडू कंद. ते एकदा उकळून खाता येत नाहीत, जीभ फाटते, घसा सुजतो. उकळायचे, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचे. एवढं पाणी रोज कुठून आणायचं? म्हातारी तुमच्याकडे बघते आणि मोडक्या वऱ्हाडीत विचारते, "खाली पानी पडलं का जी?" तुम्ही मान हलवता. ती पुन्हा चुलीत काटक्या सारते. मोहाची फुलं होती तोवर दिवस बरे होते, ती मार्च-एप्रिलमध्ये वेचून संपली. टेंभरं पिकली, तीही गेली.

गावाबाहेर मुठवा देव आहे, शेंदराचा दगड. त्याच्यापासून थोडं पुढे झाडाखाली मुंडे. इथे थांबा आणि वाका. मुंडा म्हणजे सागाचा जाड फळीवजा खांब, मेलेल्या माणसाच्या नावाने रोवलेला. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, खाली घोडेस्वार. हा घोडेस्वार बघा. कोरणाऱ्याने घोड्याचे पाय चार काढले आहेत पण एका ओळीत, आणि स्वाराच्या हातातला लगाम एवढा ठसठशीत की बोट फिरवलं तर खाच लागते. जवळ बघितलं तर सुतार कुठे थांबला, पटाशी कुठे घसरली, सगळं दिसतं. हा मुंडा बसवायचा तर सिडोलीचा विधी करावा लागतो. नातेवाईक गोळा करायचे, बोकड, धान्य, मोहाची दारू. यंदा मेलेल्यांसाठी कुणी सिडोली घातलेली नाही. धान्य नाही, नातेवाईकही नाहीत. मातीत नवे खांब नाहीत, फक्त नव्या मातीचे उंचवटे आहेत आणि त्यांवर काटेरी फांद्या, कोल्ह्यांसाठी.

गावचा पुजारी, भुमका, देवापुढे बसलेला आहे. त्याने काय मागितलं ते विचारू नका. जे वर चर्चमध्ये मागितलं, तेच.

दुपारी अन्नछत्राचा धूर दिसतो. कोरकू सहजी अन्नछत्रावर येत नाहीत. परक्याच्या हातचं खाल्लं तर जात जाईल, पोरं धरून नेतील, अशी भीती. म्हणून बरेचजण फार उशिरा येतात. पंगतीत बसलेल्यांकडे तुम्हाला बघवणार नाही, तरी बघा. फार वेळ नको. मोठ्या कढईत भरड आणि डाळीचं पातळ मिश्रण, वर वाफ, ढवळणाऱ्याच्या कपाळावरून घाम थेट कढईत. पानाचे द्रोण समोर मांडलेले. पळी भरून वाढणाऱ्याला दम दिलेला आहे: एकदम जास्त वाढायचं नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या पोटाला पोटभर जेवण मारून टाकतं. एक पोर द्रोण चाटून संपवतं आणि द्रोणसुद्धा चघळायला लागतं. कुणी काढून घेत नाही.

याच पंगतीच्या कडेला तुम्हाला मिशनची माणसं दिसतील. टोप्या जुन्या, बूट फाटके, कोरकू बोलायचा प्रयत्न करणारी. कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन, स्थापना १८९०. वरच्या चर्चात बसणारे हे नव्हेत. यांची ठाणी पठाराखाली, रानात, धारणीच्या दिशेने. हे इथे घर बांधून राहणारे परके लोक, बारा महिने, हिवतापासकट. त्यांच्या ठाण्यावर एक बंगली, एक लांब पडवी, विहीर, शाळेची पाटी आणि प्रार्थनेसाठी झापाचं किंवा कौलारू छप्पर. घंटा म्हणून टांगलेला लोखंडी तुकडा. त्यांच्यातले जॉन ड्रेक कोरकू भाषेचं व्याकरण रचत होते, ते १९०३ साली कलकत्त्यात छापून निघालं. त्याआधी कोरकूच्या व्याकरणाचं असं पुस्तक कुणी पाहिलं नव्हतं. तापाने फणफणलेल्या रात्री दिव्याखाली क्रियापदांचे तक्ते करत बसलेला माणूस मला आवडतो, त्याचं येण्याचं कारण काहीही असो.

या दुष्काळात त्यांच्याकडे मुलं आली. आई-बाप रस्त्यात पडलेले, किंवा नुसते हरवलेले. ओसरीत एकजण वही उघडून बसला आहे. नाव? मुलगा गप्प. गाव? मुलगा एका दिशेला बोट दाखवतो, ज्या दिशेला सगळंच जंगल आहे. वहीत काहीतरी लिहिलं जातं. मुलाचं डोकं भादरतात, गरम पाण्याने अंघोळ घालतात, सदरा देतात. सदरा गुडघ्यांपर्यंत येतो. मुलगा रडत नाही, सदऱ्याच्या बटणाला हात लावतो, आणि ते बटण त्या दिवशी तो सोडत नाही.

अशा मुलांना फक्त मेळघाटातच नव्हे, दूरही नेलं गेलं. पुढे दौंडला मुलांचं अनाथालय चालवणारे आल्बर्ट नॉर्टन हे आधी याच भागात, एलिचपूर आणि बैतुलकडच्या भैसदेहीत कोरकूंमध्ये राहिलेले होते. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी याआधीच्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली नेल्या होत्या. भाकरीबरोबर धर्म दिला, म्हणून या मंडळींवर लोक रागावतात. त्या ओसरीवर उभं राहून तुम्ही रागवून बघा. मला तिथे राग येत नाही. पण ज्या दिवशी सदरा चढला, त्या दिवशी मुठवा आणि मुंडा त्या मुलाच्या हातून सुटले, हेही तितकंच खरं, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायला मला कुणाची परवानगी नको.

जूनमध्ये ढग येतात. आधी वारा, मग ओल्या मातीचा वास, आणि मग एकदम इतका पाऊस की बंगल्यांच्या कौलांवर कुणी टोपल्याच्या टोपल्या दगड ओततंय असं वाटतं. पियानोवर गोणपाट पडतं. बंड्या भरतात. घाटात चिखल, बैल गुडघ्यापर्यंत रुतलेले, गाडीवानाच्या शिव्या, कुणाच्या तरी टोपल्यातून सुटलेली कोंबडी आणि तिच्यामागे पळणारा खानसामा. सगळे हसतात, खूप दिवसांनी. तुम्हीही हसा. पण पावसाबरोबर हगवण आणि पटकी येते, आणि अशक्त माणसं उन्हापेक्षा पावसात जास्त मरतात. पुढच्या वर्षीच्या खानेसुमारीत मेळघाटातली माणसं दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरतील. काही पाड्यांवर परत यायला कुणी उरणार नाही. त्यांच्या दोन ओळींमधल्या रस्त्यावर आधी गवत, मग करवंदी, मग साग उगवेल.

आता परत चला, वेळ झाली.

आजच्या चिखलदऱ्याच्या बाजारात भाजलेलं कणीस, रबडी, गाड्यांची रांग, देवी पॉईंटकडे जायला निघालेली अमरावतीची कुटुंबं. कॉफी अजून आहे. कंटिंजंट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सैन्यात विलीन झालं आणि एलिचपूरची छावणी उठली. उन्हाळी साहेब त्यानंतरही येत राहिले, मग तेही संपले. कित्येक बंगल्यांच्या जागी नुसती जोती उरली. चिखलदऱ्याजवळचं कॅथलिक कोरकूंचं मरियमपूर मात्र नांदतं आहे. तिथला रविवार अजूनही गजबजलेला असतो. कोठाऱ्याचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय चालू आहे. रानातली मिशनची ठाणी बहुतेक विझली.

आणि गावं हलायची थांबलेली नाहीत. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाट आलं, आणि पुढे गाभ्यातली गावं उठवणं सुरू झालं. बोरी, कोहा, कुंड ही गावं अकोटकडच्या सपाटीवर आली. पठाराच्या सगळ्यात उंच टोकाजवळचं वैराटसुद्धा उठलं. वाघाला जागा हवी, हे मला मान्य आहे. पण ही गावं कुठे, कशी मांडलेली होती, कुठल्या झाडाखाली कुणाचे मुंडे होते, याचा एक नीट नकाशा अजूनही केला पाहिजे, आणि तो करायला मनुष्यबळ कमी नाही. अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतली मराठी, इतिहास आणि भूगोल शिकणारी मुलं एका हिवाळ्यात तो काढू शकतात. पुनर्वसित गावांत त्या वाटा पायांनी माहीत असलेली साठी-सत्तरीची माणसं आहेत. सकाळी लवकर जा, बरोबर कोरकू बोलणारा कुणी तरी घ्या, आणि आधी पाण्याची जागा विचारा. विहीर, डोह, झरा एकदा आठवला की घरांच्या दोन्ही ओळी त्यांना आपोआप सांगता येतात.